आठ सिलिंडरचं लोणचं

आमच्या गाडीचं इंजिन एका रविवारी अमेरिकेतल्या आमच्या निम्म्या अल्फारेटा गावानं लोणचं म्हणून घरी नेलं, आणि जाताना प्रत्येकानं "जेवण छान झालं होतं" असंही सांगितलं.

गाडी आमची म्हणजे माझ्या बायकोची, वसुधाची. दोन दारांची, आठ सिलिंडरची, लांब नाकाची, आमच्या लग्नाच्या वेळीच म्हातारी झालेली अमेरिकन मसल कार, म्हणजे चाकांवरचा पैलवान. वसुधा पुण्याची मेकॅनिकल इंजिनिअर. व्हिसाच्या कृपेनं इथे वर्षानुवर्षं सॉफ्टवेअर तपासत बसली आणि त्याचा सूड तिनं गॅरेजमध्ये उगवला. माझं काम वाचनाचं. ती गाडीखाली, मी खुर्चीत. मी रिपेअर मॅन्युअल मोठ्यानं वाचायचं आणि तिनं खालून "पुढे" म्हणायचं. अशा रीतीनं मला अख्खं इंजिन तोंडपाठ झालं. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा, तेवढं मात्र राहून गेलं!

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो. स्वतःच्या इंजिनावर आलेल्या गाड्या पुढे. ट्रेलरवर लादून आणलेल्या मागे, कचऱ्याच्या पिंपांशेजारी. अर्ल नावाचे तिथले वयोवृद्ध गृहस्थ वसुधाला दर वेळी विचारत, "मग, ट्रेलर बुक केला का?" शेवटी एकदा ती म्हणाली, "पुढच्या वर्षी ऑक्टोबरात आणीन. चालवत!"

त्याच ऑगस्टमध्ये ती गेली.

त्यानंतर वर्षभर मी गॅरेजमध्ये फक्त दिवा लावायला आणि घालवायला जात होतो. इंजिनाचं धूड स्टँडवर होतं, आणि त्याचे सुटे भाग, म्हणजे बोल्ट, स्प्रिंगा, वॉशर, तेलात बुडवून दह्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत. (मराठी घरात दह्याच्या डब्यात दही नसतं, हे वेगळं सांगायला नको.) घरात मी एकटा, माझी पुस्तकं आणि माझा चहा. चहाचं भांडं ठेवायला एक भोकांची पट्टी होती. शेवटच्या दिवसांत वसुधानंच ती माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. "सांभाळ," म्हणाली, "लागेल." माझ्या चहाचे टेबलावर डाग पडतात यावर तिनं आयुष्यभर भांडून शेवटी इलाज काढला, म्हणून मला भरूनच आलं होतं.

वर्षश्राद्धाला तिची थोरली बहीण, मालूताई, पुण्याहून आल्या. आल्या त्या थेट स्वयंपाकघरात.

"अविनाशराव, तुम्ही वाचत बसा. मी बघते."

मी वाचत बसलो. त्यांनी बघितलं! मसालेभात, अळूवड्या, खीर झाली, जेवणं झाली. लोक गॅरेजमध्ये चपला शोधायला लागले, तर मालूताई दारात उभ्या. प्रत्येकाच्या हातात दोन डबे. "एक मसालेभाताचा, आणि हा वसूच्या हातच्या लोणच्याचा. वर्षभर तसंच पडलंय हो, माणसांच्या तोंडी तरी लागू दे."

मी लांबून पाहिलं. वसुधानं लोणचं कधी घातलं बुवा, असं मनात आलंही. पण लोकांचे डोळे पाणावलेले होते, आणि अशा वेळी मी प्रश्न विचारत नाही. (इतर वेळीही विचारत नाही!)

यानंतर दोन दिवस काहीच घडलं नाही. गेलेल्या माणसाच्या लोणच्याला नावं कोण ठेवणार? तिसऱ्या दिवशी देशपांडेकाकूंचा फोन आला.

"काय सांगू, तेल अगदी वरपर्यंत सुटलंय. रंगही छान, काळपट."

"हो का?"

"फक्त... फोड काही लागत नाहीये हो. मुरायला हवं असेल अजून."

पाठोपाठ शेजारच्या गल्लीतला भोयर, मूळचा नागपूरचा. "काका, राग नका मानू. म्या मसालेभाताचा समजून तो डबा मायक्रोवेव्हात ठेवला न बाप्पा! आतमधी दिवाळीच झाली! मायक्रोवेव्ह गेला. स्प्रिंग ठीक आहे."

"स्प्रिंग?"

"हो ना. लोणच्यात कशाले टाकत होत्या काकू?"

मी गॅरेजमध्ये धावलो. फळीवर डब्यांच्या बुडांचे गोल ठसे होते. डबे नव्हते!

"मालूताई, तुम्ही एकही डबा उघडून बघितला नाहीत?"

"दुसऱ्याच्या लोणच्यात हात घालते की काय मी? नासलं असतं म्हणजे?"

"आणि वजन?"

"कैरी जड असते हो!"

मग मी ग्रुपवर मेसेज टाकला. आयुष्यात इतका अवघड मजकूर मी लिहिला नव्हता: 'कृपया वसुधाचं लोणचं खाऊ नये. परत आणून द्यावं.' त्यावर पहिली प्रतिक्रिया आली हात जोडल्याची. दुसरी केतकी नावाच्या मुलीची, नवऱ्याबद्दल: "काका, थँक गॉड! मयूर डबा ऑफिसला घेऊन गेलाय. लंचला सगळ्यांसमोर ओपन केला. टीममधल्या एकानं विचारलं, हे उपासाचं आहे का!"

डबे परत येऊ लागले. पण आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, आणि हा नियम बोल्टांनी भरलेल्या डब्यालाही लागू आहे असं सर्वांनी आपापलं ठरवलं. चिवड्याखाली वॉशर, बेसनाच्या लाडवांखाली नट. देशपांडेकाकूंनी तर स्प्रिंगा घासून, पुसून, ओल्या नारळाच्या करंज्यांमध्ये कागद घालून पाठवल्या. मी फराळ उपसून इंजिन बाहेर काढत होतो!

डबा द्यायला आलेला माणूस गाडी बघायला थांबायचा, बघायला थांबलेला चहाला, आणि चहा झाला की आपोआप हातात पाना. सगळे सॉफ्टवेअरवाले. भोयरनं रोज संध्याकाळी गाडीभोवती, ऑफिसातल्यासारखी उभ्या उभ्या, स्टँडअप मीटिंग सुरू केली. "मयूर, ब्लॉकर काय? कुठं अडलं?" "बोल्ट फिरत नाहीये यार." "उलटा फिरवून राहिला तू!" मी खुर्चीत बसून मॅन्युअल वाचू लागलो. एक परिच्छेद संपवून थांबलो, तर गाडीखालून भोयर म्हणाला, "पुढे."

पुढची ओळ मला जरा वेळानं दिसली.

सप्टेंबर संपता संपता इंजिन जुळलं आणि नेमकं वर येऊन अडलं. इंजिनाला हवा-पेट्रोल पाजणारा जो कार्बुरेटर, तो वसुधानं मूळचा काढून दांडगा नवा आणला होता. त्याची भोकं खालच्या भोकांवर बसेनात! सिअॅटलहून मुलीचा, सईचा, फोन: "बाबा, आईनं त्यासाठी मधे एक प्लेट बनवली होती. स्वतः कट करून. विकत मिळणार नाही ती."

प्लेट! अल्फारेटा पुन्हा ढवळून निघालं. संशय देशपांडेकाकूंवर, कारण त्यांनी सर्वांत जास्त डबे नेले होते. "फ्रीजरसुद्धा रिकामा केला हो मी! आता काय देव्हारा उचकटू?" पुण्याहून मालूताईंनी व्हिडिओवर फर्मावलं, "एकेकाला समोर उभं करा माझ्या!" गॅरेजमध्ये खडाजंगी चाललेली. मी वातावरण शांत करण्यासाठी चहाचं भांडं बाहेर आणलं, पट्टीवर ठेवलं आणि म्हटलं, "सापडेल हो. वस्तू कुठे जाते?" रोज म्हणत होतो. रोज सगळे त्या भांड्यातला चहा पीत होते.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सई आली. सगळे तोंडं पाडून बसलेले. उद्या ट्रेलर आणावा असं ठरत आलं होतं. तिनं स्वतःला चहा ओतला. भांडं हातातच राहिलं.

"बाबा."

"साखर आत आहे."

"बाबा, व्हाय डझ युअर चहा-स्टँड हॅव बोल्ट होल्स?"

देशपांडेकाकूंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही.

भोयरनं पट्टी खसाखसा घासली. "काका, हा डाग काही जात नाही." "राहू दे," मी म्हटलं. पट्टी बसली. भोकाला भोक मिळालं. सईनं किल्ली फिरवली. गाडी खोकली, शिंकली, आणि मग असा काही आवाज झाला की वरच्या कपाटातली गणपतीचं मखर खाली आलं!

शनिवारी सई चालवत होती. तिला आईनं शिकवलेलं. मी शेजारी, मांडीवर मॅन्युअल. मागे मिनिव्हॅनची रांग, त्यांत निम्मं अल्फारेटा आणि उरलेला चिवडा. आम्ही वळलो तेव्हा पार्किंगमधली सगळी डोकी फिरली. अर्लनी मागे ट्रेलर शोधला, तिथे फक्त देशपांडेकाकू होत्या, हात हलवत. अर्लनी टोपी काढली, आणि स्वतः पुढच्या रांगेतली खुर्ची हलवून जागा करून दिली.

मग बॉनेट उघडून ते बराच वेळ आत पाहत राहिले. कार्बुरेटरखालून पट्टीची कड डोकावत होती. ती वसुधानं घासलेली, सरळ, देखणी कड पाहून त्यांनी हळूच शीळ घातली. मग तिच्या तांबूस रंगावर बोट ठेवून मला विचारलं, "हे कोटिंग कुठून करून घेतलं?"

"घरीच," मी म्हटलं. "वर्षभर, रोज दोन वेळा."

त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरानं हलवला. मीही मान झुकवून स्वीकार केला. त्या अख्ख्या गाडीत माझ्या हातचं म्हणून तेवढं एकच काम आहे.