पान सत्तेचाळीस, हळू उघडावे

काका, फोन आला. तुम्ही अजून वर्षभर थांबायला हवं होतं.

आज इंगळे काकांना जाऊन एक वर्ष झालं.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात ते तीस वर्षं देवघेवीच्या टेबलावर होते. मी तिथली ग्रंथपाल. डिग्री माझ्याकडे, अक्कल त्यांच्याकडे. हे त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, आज बोलते.

वाचनालयात कॉम्प्युटर आला तेव्हा मी फार खुशीत होते. पुस्तकाचं नाव टाकून सर्च करायचं. दुसऱ्या एखाद्या लायब्ररीने त्याची नोंद आधीच केलेली असली, की ती सरळ आपल्याकडे ट्रान्स्फर करून घ्यायची. टायपिंगची कटकटच नाही!

पहिल्याच दिवशी मी धडाधड साठ नोंदी ओढल्या. पुस्तकं कपाटात, मी खुर्चीत.

संध्याकाळी काका एक पुस्तक घेऊन समोर उभे.

"पोरी, तुह्या कॉम्प्युटरमदी याची दोनशे पानं हायेत. माह्या हातात एकशेऐंशीच भरून राह्यली. बाकीची वीस कोनं खाल्ली?"

मी भलत्याच आवृत्तीची नोंद उचलली होती.

"पयले पुस्तक हातात घे. मंग बटन दाब."

साठच्या साठ नोंदी त्यांनी मला पुन्हा तपासायला लावल्या. मी रागाने दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते माझ्या टेबलावर चहा ठेवून जात राहिले.

मग त्यांच्या रिटायरमेंटचा आठवडा आला.

काकांनी पिशवीतून एक पातळसं पुस्तक काढलं. 'उंद्री शिवारातल्या विहिरी'. लेखक, त्यांचे वडील. गवंडी होते. बांधलेल्या प्रत्येक विहिरीबद्दल चार ओळी लिहून ठेवायचे. त्याचंच पुस्तक छापून त्यांनी लोकांत वाटलं होतं. घरात ही एकच प्रत उरली होती.

"हे वाचनालयाले देऊन टाकतो. पाह्य बरं, आनखी कोठी हाय काय?"

मी सर्च केलं. शून्य. लेखकाच्या नावाने केलं. शून्य.

"कुठेच नाही, काका."

त्यांनी चष्मा पुसला. "बरं. मंग आपनच करू नोंद."

एका बोटाने टाईप करत अख्खी दुपार घालवली त्यांनी. शेवटी टीप लिहिली: "पान सत्तेचाळीसचा खालचा तुकडा नाही. कोरा कागद चिकटवला आहे. हळू उघडावे."

"तुकडा गेला कुठे?" मी विचारलं.

"मीच खाल्ला. तीन वर्साचा होतो. घरात सगळ्यात धाकटा, कोनी काई म्हनेच नाही. बापानं खळ शिजवली अन् कागद लावून देल्ला. मी तिसरीत असताना बाप गेला. तिथं काय लिहेल होतं, इचारायचंच राह्यलं."

मी चूक काढली. माझी सवयच आहे ती.

"काका, ही टीप चुकीच्या रकान्यात लिहिलीत. फाटकं पान आपल्या प्रतीचं आहे, ते आपल्या प्रतीच्या रकान्यात हवं. इथे, सगळ्यांसाठीच्या नोंदीत लिहिलं, तर उद्या दुसरी लायब्ररी नोंद घेईल, तिच्याबरोबर ही टीपही जाईल."

"जाऊ दे."

"अहो, त्यांचं पान चांगलं असलं तर?"

"जाऊ दे म्हन्लं ना वं!"

वीस पानांसाठी मला रडवणारा माणूस! मी मनात म्हटलं, वय झालं काकांचं. आणि टीप राहू दिली.

रिटायर झाल्यावर ते दर शनिवारी यायचे. पेपर चाळायचे, आणि जाताना एकच प्रश्न. "कोनाचा फोन-गिन आल्ता काय?"

"नाही, काका."

"हाव. बरं."

मला वाटायचं, कामाची सवय सुटत नाही. त्यांच्या माघारी ती टीप दुरुस्त करायला मी दोनदा बसले. दोन्ही वेळा उठून गेले.

मागच्या आठवड्यात मराठवाड्यातल्या एका लायब्ररीतून फोन आला. बाई जरा वैतागलेल्याच होत्या.

"मॅडम, आमच्याकडे एका घरून जुनी पुस्तकं आली. त्यातल्या विहिरींच्या पुस्तकाची नोंद फक्त तुमच्याकडे सापडली, म्हणून घेतली. पण त्यात लिहिलंय, सत्तेचाळिसावं पान फाटकं आहे. आमचं तर पूर्ण आहे! तुमची नोंद दुरुस्त करा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

काका चुकले नव्हते. ज्याच्याकडे चांगलं पान असेल, तो चिडून फोन करेल, एवढ्याचसाठी त्यांनी ती टीप तिथे ठेवली होती. आणि मी म्हणत होते, वय झालं!

"बाई," मी म्हटलं, "त्या पानाचा खालचा भाग वाचून दाखवता?"

त्यांनी वाचला.

"ही विहीर आमच्या घरामागे. पाणी गोड. कठडा बांधायचा राहिला आहे, तोवर लहान मुलांस एकटे सोडू नये. माझा धाकटा नुकताच चालू लागला आहे."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. वाचनालयात चार लोक पेपर वाचत होते. बघू देत.

नोंद दुरुस्त केली, काका. आधी पुस्तक हातात घेतलं, मग बटण दाबलं. टीप आता आपल्या प्रतीच्या रकान्यात आहे. "हळू उघडावे" तसंच ठेवलंय. बाईंनी त्यांच्याकडच्या पानाचा फोटो पाठवला, त्याची प्रिंट काढून त्याच पानात ठेवलीय.

आज शनिवार नाही, तरी सांगते. फोन आला होता.

तुम्ही खाल्लेल्या ओळीत तुम्हीच होतात.

काका, तुम्हाला भरल्या डोळ्यांनी नमस्कार.