घरट्यापुढचा आडोसा

दवाखान्याच्या तळघरात, लांबलचक बोळाच्या टोकाला एक्स-रेची खोली होती आणि त्या खोलीत गेली सव्वीस वर्षं मामा होता. तसा तो तिथं कुणाचाच मामा नव्हता, पण नर्सबाईंपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत. पाठीमागे त्याचं नाव पडलं होतं ‘हलू नका’. दिवसातून शंभरदा काचेमागून तो एकाच चालीवर सांगायचा, श्वास घ्या, रोखा, हलू नका. सफाईवाली बाई तर तो बोळात दिसला की हातातला झाडू तसाच धरून पुतळा व्हायची आणि तो पुढं गेला की विचारायची, “मामा, घेऊ का आता श्वास?”

खोलीला खिडकी नव्हती. जाडजूड दार, कोपऱ्यात खुंटीला टांगलेले शिशाचे जड एप्रन आणि भिंतीवर उजेडाची पेटी, तिच्यावर लोकांची हाडं. चाळिशी उलटली आणि मामाला रानाचं वेड लागलं ते या खोलीपायीच, असं त्याची बायको म्हणायची. आधी एक जुना कॅमेरा आला, मग हातभर लांबीची लेन्स आली आणि मग मामा रजेवर कधी घरी म्हणून सापडेना. खडकाळ पठारं, खाडीची तोंडं, मैलोनमैल नुसतं गवत. जिथं बस अर्ध्यात सोडून परत फिरते तिथून मामाची वाट सुरू व्हायची. बायको हौसेनं दोनदा बरोबर गेली. नंतर तिनं हात जोडले. दोन तास दगडासारखं बसायचं, बोलायचं नाही, खोकायचं नाही आणि शेवटी दिसणार काय, तर कावळ्याएवढं काहीतरी. त्यापेक्षा तुमच्या एक्स-रेच्या रांगेत बसलेलं काय वाईट, असं तिचं म्हणणं. आठवडाभर माणसांची हाडं आणि सुट्टीला पाखरांची पिसं, मधल्या मांसाचं काय ते आम्ही बघतो, असंही ती शेजारणीला सांगायची.

मामाचं एक दुखणं होतं. त्याच्या फोटोत पक्ष्यासमोर हमखास काहीतरी आडवं यायचं. काडी, पान, गवताचं पातं. आणि तेही नेमकं डोळ्यावर. फोटो काढणाऱ्यांचं सहा-सात जणांचं एक टोळकं होतं, महिन्यातून एकदा एका शिंप्याच्या दुकानाच्या माडीवर जमायचं. तिथं एक निवृत्त मास्तर होते. मामाचा फोटो पडद्यावर आला की ते चष्मा पुसून घेत आणि अगदी गंभीरपणे म्हणत, “मामा, गवत झकास आलंय. मागं कोण उभं आहे, ओळखीचं?” सगळे हसत, मामाही हसे. घरी येताना मात्र त्याचं तोंड उतरलेलं असायचं.

त्या वर्षी त्याला दलदलीतल्या नावाड्याचा निरोप आला की बोरूच्या उंच गवताच्या बेटात जांभळ्या बगळ्यानं घर केलंय, तीन पिल्लं आहेत, आठ-दहा दिवसांची. मामानं चार दिवस रजा टाकली आणि पहिली बस पकडली.

नावाडी साठीकडे झुकलेला, बोलायला मोठा गमत्या. बायको वारल्यापासून आपल्याशी भांडायला होडीच उरली आहे, असं सांगायचा. मामा त्याला काका म्हणायचा, तो मामाला दादा. दोघांनी मिळून घरट्यापासून वीसेक पावलांवर लपण उभं केलं. गाळात चार वासे रोवलेले, त्यांच्यावर फळ्या आणि चहूबाजूंनी मातकट कापड. पुढून लेन्सपुरतं भोक. काम एकदम उरकलं नाही. पहिल्या दिवशी वासे, दुसऱ्या दिवशी कापड, म्हणजे पक्ष्याची नजर सरावते. बगळी उठायची, फेरी मारायची आणि पाव तासात परत पिल्लांवर उभी राहायची. सगळं कसं रीतीनं चाललं होतं.

लपणात बसण्याचीही तिथली एक रीत होती. दोघांनी जायचं, एकानं आत शिरायचं आणि दुसऱ्यानं होडी घेऊन परत फिरायचं, तेही मोठमोठ्यानं बोलत. पाखराला आकडे कळत नाहीत. त्याला वाटतं, आले तेवढे गेले. मग ते निर्धास्त खाली उतरतं. नावाडी जाताना होडीलाच शिव्या देत जायचा, त्यामुळे आवाज आपोआप चढायचा.

तिसऱ्या दिवशी उजाडताना दोघं पोचले. मामानं भोकातून लेन्स लावून बघितलं. घरटं होतं, पिल्लं होती; काटेरी डोक्याची तीन ध्यानं एकमेकांना टोचत होती. आणि त्यांच्या पुढ्यात, बरोब्बर डोळ्यांवर, पाच-सहा बोरू उभे.

मामा लपणातून वाकून म्हणाला, “काका, तेवढे पाच-सहा बाजूला घ्या की.”

नावाड्यानं वल्हं आडवं ठेवलं. मग म्हणाला, “दादा, ते तिनं ठेवलेत. आपण कशाला हात लावायचा?”

कापायचे नाहीत, मामानं समजावलं. कापणाऱ्यातला मी नव्हे. नुसते दोन्हीकडे दोरीनं बांधायचे, बारा वाजता तुम्ही न्यायला आलात की सोडून टाकू; जसे होते तसे उभे राहतील. नावाड्यानं मान हलवली, पण होडी घरट्यापाशी नेली आणि दोरी बांधली. बांधून झाल्यावर नेहमीप्रमाणे मामाचा फोन आपल्या पिशवीत टाकला. मागं एकदा लपणात फोन वाजून सगळं मुसळ केरात गेलं होतं, तेव्हापासून मामानंच हा नियम घातला होता. मग होडीला शिव्या देत नावाडी निघून गेला.

पहिली दहा मिनिटं मामाच्या जन्मात आली नव्हती अशी होती. पिल्लांच्या डोळ्यांतलं पिवळं, चोचीच्या बुडाशी लागलेला चिखल, सगळं लख्ख. फोटो काढणाऱ्यानं सूर्य पाठीशी घ्यावा, तसा त्यानं घेतला होता. पाठीमागून ऊन वर आलं, लपणावरून पुढं सरकलं आणि बोरूंच्या उघड्या दारातून थेट घरट्यात शिरलं. फोटोला याहून चांगला उजेड नाही, असं त्याच्या मनात आलं. आणि लगेच दुसरंही आलं.

ते बोरू डोळ्यांवर नव्हते. ते पिल्लांवरचं छप्पर होते.

आठ वाजले. पिल्लांचं टोचणं थांबलं. चोची उघड्या पडल्या आणि गळ्याखालची कातडी भराभर फडफडू लागली. मामाला ते कळत होतं. धापा टाकणारी छाती त्याला नवी नव्हती. बगळी वरून दोनदा फिरून गेली. एरवी ती येऊन पंख अर्धवट उघडून उभी राहिली असती, तिच्या सावलीत तिघं मावली असती. पण खाली तिचं घर तिला ओळखूच येत नव्हतं. भिंत गेलेली आणि समोर काचेचा एक डोळा.

मामानं हळूच लेन्स आत ओढून घेतली आणि भोक रुमालानं बुजवलं. फडक्याच्या कडेनं बघत राहिला. ती आली नाही.

वीस पावलं. घरातल्या स्वयंपाकघरापासून अंगणाच्या फाटकापर्यंत असतील, तेवढी. त्यानं फळीवर बसून पाय खाली सोडला. पाणी गुडघ्यापर्यंत, आणि खाली गाळ. पाय टेकेचना. फळ्यांत अडकवून ठेवलेला होडीचा बांबू त्यानं खाली रोवला, तो सगळाच्या सगळा गेला आणि वर काढताना त्याचा एक पाय बुटासकट आत ओढला गेला. कसाबसा तो वर आला, बूट तिथंच राहिला. पाण्याच्या त्या खळबळाटानं समोरची पिल्लं एकमेकांखाली दडायला बघू लागली. सगळ्यात धाकटं खाली गेलं ते वर आलं नाही.

आता नुसतं बसायचं. दुसरं हातात काही नव्हतं. तो स्वतःशी हिशेब करत होता, काका साडेअकराला निघतील, म्हणजे बाराला इथं. काका आज लवकर निघाले तर. काकांना काही सुचलं तर. ऊन कलायला अजून किती. दोर बांधताना गाठ सैल बसली असेल, वारा सुटला तर आपोआप सुटेल. वारा सुटला नाही. एका पिल्लानं मान घरट्याच्या काठावर टाकली.

साडेदहाला त्याच्याच्यानं राहवेना. कापड बाजूला सारून तो उभा राहिला आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, “काका, होडी आणा.”

होडी अर्ध्या तासाच्या अंतरावर. ओरडणं तिथं पोचणार नव्हतं हे त्यालाही ठाऊक होतं. पण लपणाच्या मागं, कापडाला जवळजवळ चिकटून, बोरूत काहीतरी मोठं हललं आणि जड पंख वाजवत बगळी उठली. किती वेळ ती तिथं उभी होती कोण जाणे. पायीपायी, बोरूंच्या आडून, लपणाला वळसा घालून ती घरट्याकडेच निघाली होती. मागच्या कापडाला भोक नव्हतं.

ती उंच गेली आणि दिसेनाशी झाली. मामा खाली बसला. त्यानंतर त्यानं काहीच केलं नाही.

नावाडी बाराच्या ठोक्याला आला. मामाकडे बघून त्यानं होडी सरळ घरट्याला लावली आणि दोऱ्या सोडल्या. बोरू उभे राहिले, पण मधून वाकले होते, पूर्वीसारखे जुळेनात. धाकटं गेलेलं होतं. दुसऱ्याची मान काठावर, डोळा अर्धा उघडा. तिसरं बसलेलं होतं. मामा म्हणाला, पाणी शिंपडू का. नावाडी म्हणाला, नको. टोपीनं सावली धरून बसू का थोडा वेळ. त्यालाही नको.

“आपण इथं आहोत तोवर ती उतरायची नाही, दादा. चला.”

एवढा वेळ जिथून निघता येत नव्हतं तिथून आता निघणंच तेवढं करण्यासारखं होतं. नावाडी मुकाट्यानं वल्हवत राहिला. मग मामाच म्हणाला, “काका, बोला काहीतरी मोठ्यानं. तिला कळू दे, गेलो म्हणून.” नावाड्यानं घसा साफ केला, होडीला एक शिवी घातली आणि पुढं त्याला सुचेना.

घरी बायकोनं एका बुटाबद्दल विचारलं. गाळात गेला, एवढंच त्यानं सांगितलं. फोटो मिळाले का म्हटल्यावर हो म्हणाला. तिनं दाखवा म्हटलं तेव्हा तो हातपाय धुवायला उठून गेला आणि बराच वेळ आला नाही.

परत आल्यावर चौथ्या दिवशी, दोन पेशंटच्या मधे, त्यानं बोळात येऊन नावाड्याला फोन लावला. जाऊन बघितलंत का, असं विचारलं. नावाडी म्हणाला, नाही गेलो. गेलो तर पुन्हा उठवीन तिला. जगलं असलं तर माझ्यामुळं मरायचं.

बरोबर आहे, मामा म्हणाला. मग फोन दुसऱ्या कानाला लावून त्यानं विचारलं, “बेटावर घारी फिरताना दिसल्या का काका, एका जागी?”

पलीकडे वल्ह्याचा आवाज आला, मग थांबला.

“घारी तर रोजच फिरतात, दादा.”

आतून कुणीतरी विचारत होतं, शर्ट काढायचा का असाच झोपू. मामानं फोन खिशात टाकला.