सहावा ठोका

आमचं थिएटर बंद पडलं त्या उन्हाळ्यात मला समुद्राचं संशोधन करणाऱ्या जहाजावर काम मिळालं, ते माझ्या आवाजामुळे. जहाजाच्या मागच्या बाजूला तार सोडायचं यंत्र होतं. ते सुरू झालं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. तापमापकावरचे आकडे डेकवरून आत प्रयोगशाळेत पोचवायला त्यांना असा माणूस हवा होता, ज्याचा आवाज शेवटच्या रांगेत झोपलेल्या प्रेक्षकालाही ऐकू जातो. अलेक्झांड्रियात असे आम्ही दोघे होतो. दुसऱ्याला बोट लागत असे.

माझी शिफारस मितवल्लीने केली. आमच्या थिएटरात अठरा वर्षं पडद्याच्या दोऱ्या त्याच्या हातात होत्या. दोरीला नुसता हात लावून तो सांगायचा की वरची कुठली कप्पी कोरडी पडली आहे. मग तो जहाजावर गेला, दोरीच्या जागी पोलादी तार आली आणि तिथेही त्याला सोळा वर्षं झाली. सगळे त्याला उस्ता म्हणत, म्हणजे कामातला जाणकार. तो होताही.

काम असं होतं. तारेला अंतराअंतरावर सहा पितळी बाटल्या अडकवायच्या, प्रत्येकीच्या अंगाला एक तापमापक. तार समुद्रात सोडायची. सगळ्यात खालची बाटली चारशे मीटरवर. मग वरून तारेवर एक पितळी वजन सोडायचं. ते घसरत जाऊन पहिल्या बाटलीवर आपटतं. बाटली उलटी होते, तिथलं पाणी आत कोंडलं जातं, पारा तिथल्या तापमानावर अडतो आणि बाटलीखालचं दुसरं वजन सुटून पुढच्या बाटलीकडे निघतं. असे सहा ठोके. खाली काय झालं ते कुणालाच दिसत नाही. मितवल्ली तारेवर दोन बोटं ठेवून उभा राहायचा आणि प्रत्येक ठोक्याला मान हलवायचा. सहाव्यांदा मान हलली की तार वर. सगळ्या जहाजाचं शास्त्र त्या मानेवर उभं होतं.

सफरीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ती मान फार वेळेवर हलते. खरी गोष्ट कधी इतकी वेळेवर होत नाही. दुपारच्या चहाला मी त्याला बाजूला घेतलं.

"मितवल्ली, तुला ठोके लागत नाहीयेत."

त्याने चहात चौथा चमचा साखर घातली. "रमजानपासून," तो म्हणाला. "मधुमेहाने बोटांची जाणीव गेली. परवा सिगारेटने भाजलं, ते वासावरून कळलं."

"मग मान कशी हलवतोस?"

"मनात मोजतो. वजनाला किती वेळ लागतो ते पाठ आहे."

"आणि एखादी बाटली उलटलीच नाही तर?"

"आजवर उलटल्यात."

"डॉक्टरबाईंना सांग."

"सांगितलं की गोदामात बसवतील. गोदाम पाहिलंयस? खिडकी भिंतीकडे उघडते. घरी गेलो की बायको पहिलं विचारते, समुद्र कसा होता. तिला काय सांगू, खोकी बरी होती?"

मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्याचं विसरलेलं वाक्य झाकून न्यायची मला चाळीस वर्षांची सवय. समुद्राच्या बाबतीत तसं चालतं की नाही, हे मला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी, तार सोडायच्या तेराव्या ठिकाणी मी आकडे ओरडून सांगत होतो. पाचवी बाटली, पंधरा पूर्णांक चार. सहावी, सोळा पूर्णांक दोन.

आतून डॉक्टर इनास बाहेर आल्या. सफर त्यांची होती. वय चाळिशीच्या आत, हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"हश्मतकाका, पुन्हा वाचा. अभिनय न करता."

"सोळा पूर्णांक दोन."

"खाली जाल तसं पाणी थंड होत जायला हवं."

"मी फक्त वाचतो, बाई. लिहिलेलं दुसऱ्याचं आहे."

त्यांनी बाटलीतलं पाणी आत नेलं आणि खारेपणा मोजला. तोही जास्त निघाला. "दोनच शक्यता आहेत," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "एक तर खाली उबदार, खारं, जड पाणी साचलंय आणि ते आजवर कुणाला सापडलेलं नाही. नाही तर ही बाटली खाली उलटलीच नाही, वर येताना हिसक्याने उलटली आणि वरचंच पाणी घेऊन आली." मग त्या वळल्या. "उस्ता, सहावा ठोका लागला होता?"

आचारी जगलूल पायरीवर कांदे सोलत होता. "त्याला नाही लागणार तर कुणाला? तारेला हात लावून तो खालच्या माशाचं वय सांगतो."

मितवल्लीने आपल्या बोटांकडे पाहिलं. मी समोरून नुसते ओठ हलवून त्याला शब्द पुरवत होतो. एकच अक्षर होतं: हो.

"माहीत नाही, डॉक्टरबाई," तो म्हणाला. "पाचवाही माहीत नाही, पहिलाही नाही. रमजाननंतर एकही लागलेला नाही."

जगलूलचा चाकू थांबला.

"हे आधी सांगायचं होतंत."

"आधी तुम्ही विचारलं नव्हतं."

"तार पुन्हा सोडा," डॉक्टर म्हणाल्या. "पण ठोके कोण मोजणार?"

मी बोटं ठेवून पाहिली. मला जहाजाचं इंजिन लागलं. जगलूलने पाहिलं आणि वीस ठोके सांगितले. वजन अजून सोडलेलंच नव्हतं. तेवढ्यात मितवल्ली स्वयंपाकघरातून मुलूखियाची भाजी ढवळायचा लांब लाकडी चमचा घेऊन आला. दांडा दातांत धरला, चमच्याचं टोक तारेला टेकवलं आणि सोडा म्हणून हाताने खूण केली.

पहिली मान उशिरा हलली. दुसरी लगेच. पाचव्यानंतर बराच वेळ काही नाही. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

"दात मोडला तर मोडू दे, चमचा मोडू नको," जगलूल म्हणाला.

मितवल्लीने डोळे मिटले होते. मग सहाव्यांदा मान हलली.

बाटल्या वर आल्या. मी अभिनय न करता वाचलं. सोळा पूर्णांक दोन. खारेपणाही तोच.

"म्हणजे मघाचाही बरोबरच होता," जगलूल म्हणाला. "फुकट कबूल केलंस."

"दिसतंय तसं," मितवल्ली म्हणाला आणि सामान आवरायला निघाला, गोदामाचा माणूस असल्यासारखा.

डॉक्टर उभ्याउभ्याच वहीत लिहीत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "उस्ता, दात किती आहेत?"

त्याने जिभेने फेरी मारली. "पुढचे सगळे. मागचे मोजले नाहीत."

"पुढचे पुरतात?"

"तारेला पुरतात. मांसाला नाही."

"चौदावं ठिकाण चार तासांनी. चमचा धुऊन ठेवा."

"आणि मी भाजी कशाने ढवळू?" जगलूलने विचारलं.

"ते बंदरात गेल्यावर बघू."

मितवल्लीने चमचा तीनदा धुतला, बाटल्या धुतात तसा, आणि चार तास आधीच तारेपाशी जाऊन उभा राहिला.