रामेश्वरहून पाठवलेलं स्थळ

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या मराठी घरांत कुणाची मुलगी लग्नाची झाली की बोलणं फिरून फिरून सुनंदामावशींवर यायचं. मावशी लग्न होऊन साताऱ्याहून आल्या त्या विद्याधररावांच्या रेल्वेतल्या नोकरीपायी, आणि इथल्याच होऊन राहिल्या. कोथिंबिरीला कोत्तमल्ली म्हणायला शिकल्या, पण भाजीवालीशी घासाघीस अजून मराठीतच. ती तमिळमध्ये ओरडायची, या मराठीत, आणि शेवटी दोघी हसायच्या.

स्थळं जुळवणं हा काही त्यांचा धंदा नव्हता. घेत कुणाकडून काही नसत. शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरच्या कंपन्यांत नोकरीला आलेल्या मुली, ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यांत आलेली मुलं, आईबाप तिकडे सांगली-लातूरला. मग कुणीतरी इथे बघायला हवंच की. मावशी मुलाच्या घरी स्वतः जाऊन यायच्या. जेवून यायच्या, न्हाणीघरसुद्धा बघून यायच्या. "घर बघितल्याशिवाय मी कुणाचा नंबर द्यायची नाही," हे त्यांचं ठरलेलं. दुसरं असं, की लग्न पक्कं होईतो फोनवर नाव घ्यायचं नाही. मोडलं तर मुलीची चर्चा नको. हा नियम त्या ईमेलमध्येही न चुकता लिहायच्या, कारण मुलामुलींची माहिती आणि फोटो आताशा मेलवरच यायचे.

रुचिरावर त्यांचा विशेष जीव होता. सांगलीची, शोळिंगनल्लूरला नोकरी, रविवारी यायची आणि आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरायची. तिच्यासाठी मावशींनी मकरंद हेरला होता. ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात इंजिनीअर, तोंडाळ नाही, आईला फोन करताना उठून उभा राहणारा. घर बघून आल्या आणि रुचिराला म्हणाल्या, "एक चांगलं स्थळ आहे गं. माहिती पाठवते. मग तूच फोन कर."

ती माहिती पाठवायची राहिली आणि भजनी मंडळाबरोबर रामेश्वरची यात्रा आली. बावीस कुंडांचं स्नान झालं, दर्शन झालं. इतकं प्रसन्न वाटलं की मावशींना वाटलं, पोरीचं काम आजच्याच दिवशी करावं. लॉजवर येऊन बघतात तर मोबाईलला रेंजच नाही.

"अहो, मेल जात नाहीये."

"उद्या जाईल," विद्याधरराव पंचा वाळत घालत म्हणाले. "पोरगी काय पळून चाललीय?"

"लग्न जुळवायला तुमच्यासारखी माणसं असती तर आपलंही लग्न अजून झालं नसतं."

"मग काय बिघडलं असतं?" ते हसले.

तेवढ्यात फोनवर फुकटचं वाय-फाय दिसलं. नाव होतं 'श्रीराम यात्री सेवा'. मावशींनी ते नाव वाचून हात जोडले. उघडल्यावर एक पान आलं. वर रामाचा फोटो, खाली यात्रेकरूंची नोंद म्हणून ईमेल आणि त्याचा पासवर्ड विचारलेला. विद्याधरराव म्हणाले, "पासवर्ड कशाला लागतो यांना?" मावशी म्हणाल्या, "रामाच्या दारात कसला संशय घेता?" आणि टाकला. नेट सुरू झालं, मकरंदची माहिती रुचिराला गेली. थोड्या वेळानं, नवीन ठिकाणाहून खातं उघडलं गेल्याची सूचना आली. इंग्रजीत होती. मावशींनी ती बोटानं बाजूला सारली.

दोन दिवसांनी रुचिराचा मेसेज आला, 'मावशी, बोलले मी त्यांच्याशी. छान वाटलं.' मावशींनी लगेच लिहिलं, 'देव पावला. मोकळेपणानं बोल. घरचीच माणसं आहेत.'

परत आल्यावर रुचिराचं रविवारचं येणं राहूनच गेलं, आणि फोनवरही "बोलतेस ना?" "हो मावशी, रोज," एवढंच व्हायचं. नाव मावशींनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. दोघींनी नियम पाळला.

मग एका संध्याकाळी मकरंद आला. चहा संपवून म्हणाला, "मावशी, त्यांना मी पसंत नसेन तर तसं सांगा. वाईट नाही वाटणार."

"अरे, रोज बोलता ना तुम्ही?"

"मी? मला तर त्यांचा एकदाही फोन नाही आला."

मावशींनी तिथंच रुचिराला फोन लावला. "रुचिरा, तू कुणाशी बोलतेस गं?"

पलीकडून रडणंच ऐकू आलं.

ती आली तेव्हा ओळखू येईना, इतकी उतरली होती. तिनं मेल दाखवला. मावशींच्याच नावाचा, त्यांच्याच पत्त्यावरून. 'आधीची माहिती चुकून गेली. खरं स्थळ हे. मुलगा जहाजावर असतो, नंबर खाली दिलाय. मला इथे फोन लागत नाही, तूच बोल. पक्कं होईतो नाव घ्यायचं नाही हे लक्षात असू दे.' शेवटी 'तुझं कल्याण होवो', मावशी नेहमी लिहायच्या तसंच. त्यांच्याच जुन्या मेलांतली वाक्यं उचललेली. मावशींच्या खात्यातून मात्र पाठवून झाल्यावर पुसून टाकलेला.

"त्यानं फोटो मागितले मावशी. मी दिले. तुमचं माणूस म्हणून दिले. आता म्हणतो, सांगतो तसं वाग, नाहीतर ऑफिसात पाठवीन." जरा थांबून ती म्हणाली, "घाबरून तुम्हालाच सांगणार होते. पण तुम्ही म्हणाला होता ना, घरचीच माणसं आहेत."

लॉजवर फोन केला तर मॅनेजर म्हणाला, आमच्याकडे वाय-फाय नाहीच. कुणीही बाहेर बसून देवाचं नाव देऊन तसं जाळं लावू शकतो, हे रुचिरानंच समजावलं. प्रवासात आपल्याच मोबाईलचं नेट वापरायचं, नसेल तर थांबायचं. फुकटच्या वाय-फायच्या पानावर आपल्या मेलचा पासवर्ड कधीच द्यायचा नाही.

सायबर पोलिसांत तक्रार झाली. विद्याधरराव दोघींना घेऊन गेले, "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हणाले नाहीत, आणि त्याचंच मावशींना जास्त लागलं. मावशींच्या मेलचा पासवर्ड बदलला. माणूस सापडला नाही. फोटो कुठे गेले, कुणाला ठाऊक.

रुचिराच्या आईला मावशींनी स्वतः फोन केला. त्या माउलीनं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून आम्ही तिला इतक्या लांब ठेवली होती."

रुचिरानं नंबर बदलला, घरून काम मागून घेतलं आणि सांगलीला गेली. निघताना मावशींच्या पाया पडली. "तुमच्यावर राग नाही मावशी," म्हणाली. "पण आता कुणी गोड बोललं की भीतीच वाटते." मकरंदनं एकदा चाचरत विचारलं, मी बोलू का त्यांच्याशी? मावशी नाही म्हणाल्या. कोणत्या तोंडानं हो म्हणणार?

बाकीच्या सगळ्या घरांना फोन करून त्यांनी आपली चूक सांगितली. फोटो, माहिती काढून टाकली. स्थळं बघणं बंदच केलं. मंडळात कुणी यात्रेला निघालं की त्या वाय-फायचं सांगतात, बायका "हो हो" करतात. पूजेला बसल्यावर त्या क्षमा मागत नाहीत. ती मागायची तर पोरीकडे, देवाकडे कशी मागणार? तिची भीती जाऊ दे, एवढंच म्हणतात.

रुचिरा आता आधी मेसेज आल्याशिवाय कुणाचा फोन उचलत नाही. परवा मावशींनी लिहिलं, 'मी सुनंदामावशी आहे. फोन करू का?' पाठवलं, आणि मग त्यांना वाटलं, हे तर कुणीही लिहील. तिला कसं कळावं मीच आहे म्हणून? फोन मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या.