तरंगतं बी

भातावरच्या करपा रोगाला आमच्या मामांइतकं भिणारा माणूस जगात दुसरा नसेल. ते वाघाला भीत नसत, सापाला भीत नसत, मामीलाही भीत नसत (हे मामी ऐकत नसताना सांगत), पण धानाच्या पानावर डोळ्याच्या आकाराचा राखी डाग दिसला की त्यांचं जेवण सुटायचं. गंमत म्हणजे ढाणकीजवळच्या त्यांच्या शिवारात सगळीकडे कापूस, सोयाबीन आणि तूर. धान एकट्या मामांचं, तेही तलावाखालच्या पाझरत्या तुकड्यात. मामी भंडाऱ्याकडची, भातावर वाढलेली. लग्नानंतर रोजची ज्वारीची भाकर बघून तिचा चेहरा उतरला, म्हणून मामांनी तिच्या माहेराहून बी आणलं आणि तेच दरवर्षी राखलं.

पण करप्याच्या या बुरशीचा त्यांनी जो धसका घेतला, तो विचारू नका. ओल्या पानांवरून रोग पसरतो, म्हणून दव असताना धानात कोणी पाय ठेवायचा नाही, मग तो तलाठी का असेना. युरियाची गोणी नेणाऱ्या शेजाऱ्याला ते हटकत, "काहून बाप्पा, धानाले लठ्ठ करून मारतं काय?" तो बिचारा कपाशीकडे निघालेला असे. माझ्या लग्नात सगळ्यांनी अक्षता टाकल्या, मामा मात्र तळहातावरचे दाणे उजेडात धरून बसले. "डाग हायेत यायच्यावर," म्हणाले. ते कुंकू आहे, हे मामीने सांगूनही त्यांना पटलं नाही. रोगट तांदूळ भाचीच्या डोक्यावर नको म्हणून त्यांनी खिशात घातले.

पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात सोडत. जड दाणे तळाशी बसत, पोचट आणि रोगट वर येत. वरचे मामी काढून फेकायची आणि मामा शेजारी उभे राहून ओरडायचे, "एकही दाणा सोडू नको!"

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मामी गेली. पेरणीला मी यवतमाळहून गेले होते. घमेल्यात दाणे वर आले. मामा त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग तरंगतं, बुडालेलं सगळं बी त्यांनी एकाच फडक्यावर पसरलं.

"तिच्या हातचं पाखडेल हाये हे," ते म्हणाले. "फेकू कसं, सांग मले."

मी फडक्यावरचं बी पसरायला हात लावला.

करपा आला. लोंब्या मानेशी काळ्या पडून मोडल्या. मामा कोणावर चिडले नाहीत, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. रोगट तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, त्यांनी स्वतः जाळली. एका कोपऱ्यातल्या थोड्या लोंब्या भरल्या होत्या, त्या दव सुकल्यावर वेचून ठेवल्या. मामीच्या माहेरचं धान तेवढंच उरलं होतं, एक पिशवीभर.

यंदा पेरणीला मी पुन्हा गेले. मिठाच्या पाण्यात मूठभर दाणे वर आले. ते काढायला मी हात पुढे केला.

"राहू दे बाई."

त्यांनी ते दाणे ओंजळीत घेतले, बराच वेळ धरले आणि "जाय आता," असं हळूच म्हणून बांधापलीकडे फेकले. मग माझ्यावर खेकसले, "पाह्यत काय राह्यली? धू तळाचं लवकर, मीठ चढन त्याले!"

मी बी धुतलं, पाणी बदलून पुन्हा धुतलं. मामा तोवर पाठ फिरवूनच उभे होते.