खांबाजवळच्या दोन खुर्च्या

तिकीट घ्यायच्या आधी खुर्चीवर बसून पाहणारी बाई मी उभ्या जन्मात एकच पाहिली, आणि ती माझ्याच घरात होती. बडनेऱ्याच्या रेल्वे कॉलनीत तिला सगळे चौकशीबाई म्हणत. मी यार्डात पॉइंटमन होतो, चौथीपर्यंत शिकलेला. मला कोणी नावानं ओळखत नसे, चौकशीबाईचा नवरा म्हणून ओळखत. ती जाऊन आठ महिने झाले. तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं, कारण असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. ते असेपर्यंत त्याचा फार ताप होतो.

नाव असं पडलं. स्टेशनावर चौकशीची खिडकी होती, पण तिच्यापुढं नेहमी रांग. आमचं क्वार्टर स्टेशनाच्या वाटेवर, आणि ही ओट्यावर तूर निवडत बसलेली. जाणारे-येणारे हिलाच विचारत, अकोल्याची गाडी किती वाजता, कोणत्या फलाटावर, बायकांचा डबा पुढं लागतो की मागं. हिला सगळं पाठ. सांगून झालं की ही त्या माणसाला उलट धरायची, "अकोल्यात कोणाकडं जाता? काहून जाता? लग्न कोणाचं हाये?" त्याची गाडी चुकायची वेळ यायची. मी म्हणायचो, "अवं, लोकाइच्या घरात काहून शिरून राहिली?" तर म्हणायची, "त्यायनं विचारलं तर मी सांगतलं. मंग मी विचारलं तर त्यायनं सांगू नाई?"

आणि एखादी गोष्ट समजली की ती तिच्याजवळ राहत नसे. कुठं वांगी चांगली मिळतात, कोणता डॉक्टर नीट ऐकून घेतो, सगळं कॉलनीभर. "सांगतलं नाई तर पोटात दुखते," असं म्हणायची. मला वाटतं, तिला खरंच दुखत असावं.

बास्केटबॉल तिच्या आयुष्यात जाळीतून आला. कॉलनीत तारेच्या जाळीचं कुंपण घातलेलं सिमेंटचं एक मैदान होतं, संध्याकाळी रेल्वेची पोरं तिथं खेळत. ही भाजीची थैली घेऊन जाळीला धरून उभी राहायची. चेंडू बाहेर आला की घ्यायला येणाऱ्याला अडवायची आणि एक प्रश्न विचारून मगच चेंडू द्यायची. लांबून टाकला तर तीन गुण आणि जवळून टाकला तर दोन, असं का? शिट्टी फुंकली की पंच हात वर का करतो? असं एकेका चेंडूमागं एकेक करून तिनं अख्खा खेळ शिकून घेतला. पंचाच्या खुणासुद्धा. चेंडू न आपटता कोणी चालत सुटला की पंच दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवतो. मी चपलेसकट घरात शिरलो की ही चुलीपाशी बसून मला तीच खूण करायची. मी मुकाट्यानं परत दाराबाहेर.

मग काही वर्षांपूर्वी अमरावतीत पगारावर खेळणाऱ्या पोरांचा संघ आला. मोठा बंद हॉल, वर झगझगीत दिवे, पंजाबकडची, केरळकडची ताडासारखी पोरं, आणि दाराशी तिकिटाची खिडकी. जो खेळ आम्ही जाळीतून फुकट पाहिला त्याला पैसे कशाला, असं माझं म्हणणं. ती मात्र दरांच्या फलकापुढं उभी राहिली आणि तिनं तो सगळा मला मोठ्यानं वाचून दाखवला. मैदानाला लागून गादीच्या खुर्च्या, त्या सगळ्यात महाग. मग मधला भाग, मग वरच्या पायऱ्या. सगळ्यात स्वस्त वरचा कोपरा. वाचून झाल्यावर खिडकीतल्या मुलीला म्हणाली, "बाई, एक सांगा. खेळणाऱ्याले लांबून टाकल्यावर जास्त मिळते, अन् पाहणाऱ्याले जवळ बसलं का जास्त द्या लागते. असं काहून?"

ती मुलगी पुण्याची. दर ठरवणं हे तिचंच काम, पण माणसं कशी येतात ते पाहावं म्हणून ती स्वतः खिडकीत बसे. सगळे तिला मॅडम म्हणत. ती हसून म्हणाली, "आजी, जवळून चांगलं दिसतं ना."

"तुमी बसून पाहिलं?"

मॅडमनं नकाराची मान हलवली.

"मंग दर कसा लावला?"

"कॉम्प्युटरवर हॉलचा नकाशा असतो, आजी."

"नकाशाले डोळे असतात काय?"

मागची रांग कावली होती. मॅडम म्हणाली, "उद्या सकाळी हॉल रिकामा आहे. या आणि बघा बसून." ती बोलली गमतीनं. ही दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मला घेऊन हजर.

मला तिनं बास्केटखाली उभं केलं. मी खेळाडू. ती एकेका खुर्चीवर जाऊन बसे आणि ओरडे, "इकडं पळा आता!" माझे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते, तरी मी या टोकाकडून त्या टोकाला. वरून आवाज, "दिसून राहिले!" नाहीतर, "नाई दिसून राहिले, जरा हात वर करा!" मॅडम दारात उभी राहून पोट धरून हसत होती. थोड्या वेळानं हसणं थांबलं आणि ती वर जाऊन हिच्या बाजूच्या खुर्चीत बसली. मग दोघी मिळून मला पळवू लागल्या.

निकाल असा निघाला. गादीच्या खुर्चीवरून खेळ कमी आणि समोर उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षकाची पाठच जास्त दिसते. ही म्हणाली, "येवढे पैसे देऊन माणसाची पाठच पाहाची असन तर माह्या घरी नवरा हाये." आणि वरच्या स्वस्त कोपऱ्यातून सगळंच दिसतं. कोण मोकळा आहे, चेंडू कुणाकडं जाणार, ते चेंडू जायच्या आधी कळतं.

आम्ही त्या कोपऱ्याचं जोडी कार्ड घेतलं. जोडी कार्ड म्हणजे दोघांचं अख्ख्या हंगामाचं सभासदत्व, त्याच त्या दोन खुर्च्या. सोबत दोन टी-शर्ट. हिनं विचारलं, "टी-शर्ट ठेवून घ्या अन् दर कमी करा, जमते काय?" जमत नव्हतं. माझा टी-शर्ट मी अजून घरात घालतो. कार्डवाल्यांना आणखी एक मान होता. ज्या दिवशी सामना, त्याच दिवशी वाढदिवस असला तर माईकवर नाव पुकारून गादीच्या खुर्चीत बसवत. एक सामना आला नेमका एक जानेवारीला. आता आमच्यासारख्या कमी शिकलेल्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख कोणाला ठाऊक? आधार कार्ड काढताना सगळ्यांची एक जानेवारीच लागलेली. माईकवाला नावं वाचता वाचता घामेजला, दोन्ही संघ चेंडू धरून उभे, आणि गादीच्या खुर्च्या धोतर-लुगड्यांनी भरून गेल्या. मॅडम धावत आली, "आजी, हे सगळे एकाच दिवशी जन्मले?" ही म्हणाली, "सरकारनं जन्माले घातलं त्या दिवशी. तुमी काहून घाबरून राहिल्या?"

पण त्या कोपऱ्याचं आमचं सुख एका हंगामापुरतंच होतं, आणि ते घालवलं हिनंच. खिडकीपाशी कोणी गोंधळलेला दिसला की ही सांगणार, "वरचा कोपरा घ्या, तिथून बेस दिसते." भातकुलीहून आलेल्या पोरांना सांगितलं, बसमध्ये सांगितलं, दळणाच्या गिरणीत सांगितलं. अकोल्याला धाकट्या बहिणीकडं गेली तर तिथं गल्लीतल्या बायांना सांगितलं, आणि त्या गाडी करून आल्या. मी बजावलं, "अवं, चूप राह्य. आपली जागा आपल्याले पुरू दे." चूप राहणं तिला जमतच नव्हतं.

हंगाम संपेस्तोवर कोपरा खचाखच आणि गादीच्या खुर्च्या ओस. नवीन हंगामाचं जोडी कार्ड करायला गेलो तर कोपऱ्याचा दर दुपटीच्या वर. मॅडमला वाईट वाटत होतं, पण बोलली खरं ते. "आजी, सगळ्यांना तीच जागा हवी असेल तर दर चढतोच. आणि तिथं सगळे आले ते तुमच्यामुळं."

आम्हाला ते झेपणार नव्हतं. मी घरी येऊन तिला वाटेल ते बोललो. तुझ्या तोंडानं आपली जागा गेली म्हटलं. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती रडली नाही, चिडली नाही. तिसऱ्या दिवशी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "म्हंजे मी इथं बोलली अन् तिथं दर हालला. किती मजेची गोष्ट हाये, नाई?" ज्या गोष्टीचा मला इतका राग आला, तिचं तिला नवल वाटत होतं. त्या हंगामात आम्ही जमेल तेव्हा, मिळेल त्या जागी बसून सामने पाहिले. ती मात्र सामन्याच्या मधल्या सुट्टीत उठून कुठं कुठं जाऊन बसून यायची. मला वाटायचं, पाय मोकळे करते.

हंगाम संपला आणि तिच्या छातीत पाणी झालं. बहीण जवळ राहील म्हणून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. मी स्पेशल खोली घ्या म्हणत होतो. ती म्हणे, आधी पाहू द्या. चाकाच्या खुर्चीतून गेली, त्या खोलीतल्या पलंगावर बसली, उठली. "इथून भिंतच दिसते." मग मोठ्या वॉर्डातल्या दाराजवळच्या खाटेवर बसून पाहिलं. तिथून दार, नर्सबाईचं टेबल आणि बाहेरचं लिंबाचं झाड दिसत होतं. ती खाट तिनं घेतली. दोन दिवसांत वॉर्डातल्या सगळ्यांचं दुखणं तिला ठाऊक, आणि औषधाची खिडकी कुठं, ते नवीन येणारे तिलाच विचारू लागले.

एका दुपारी मी डब्यातली खिचडी भरवत होतो. ती म्हणाली, "एक गोष्ट तुमाले सांगतली नाई."

"तू? नाई सांगतली?"

"हॉलमंधी खाली, डाव्या दारापाशी, खांबाच्या बाजूले दोन खुर्च्या हायेत. तीनच पायऱ्या. तुमच्या गुडघ्याइले बऱ्या. खांब मधात येते म्हणून लय स्वस्त हायेत."

"खांबातून काय दिसन वं?"

"सरळ बसलं तर एकीकडची बास्केट नाई दिसत. बाजूच्या खुर्चीकडं जरासं कललं का सगळं दिसते. मी बसून पाहिलं. कोणालेच नाई सांगतलं, मॅडमलेबी नाई. आपल्या दोघाइसाठी ठेवल्या."

"मंग पोटात दुखलं नाई?"

"लय दुखलं," असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता खोकला आला. पाच दिवसांनी ती गेली.

नवीन हंगाम सुरू झाल्यावर मी एकटा अमरावतीला गेलो. खिडकीत मॅडमच होती. "आजी कुठं?" मी सांगितलं. ती उठून बाहेर आली आणि माझ्याजवळ नुसती उभी राहिली. नंतर आत जाऊन तिनं विचारलं, "कोणतं देऊ, आजोबा?" मी म्हटलं, "डाव्या दारापाशी, खांबाजवळचं. एक."

"तिथून नीट नाही हो दिसत."

"दिसते," मी म्हटलं.

तीन पायऱ्या चढून बसलो. सरळ बसलं तर खरंच एक बास्केट खांबामागं. मग तिनं सांगितलं होतं तसा बाजूला कललो. सगळं मैदान उघडलं. मला इतका आनंद झाला की मी तसाच कललेला राहिलो. बाजूच्या खुर्चीत कोणी दुकानदार होता. तो म्हणाला, "काका, सरळ बसा ना. मी काय तक्क्या हाये काय?" मी सरळ झालो. थोड्या वेळानं पुन्हा कललो, त्यानं पुन्हा खांदा झटकला. अर्धा सामना मी पाहिला, आणि खांबापलीकडं काय झालं ते लोकांच्या ओरडण्यावरून समजून घेतलं. त्या दोन खुर्च्या सुट्या नव्हत्याच.

पुढच्या सामन्याला रांगेत माझ्यापुढं भातकुलीकडचं एक म्हातारं जोडपं होतं. बाबाच्या हातात काठी. नातू फोनवर खेळ पाहतो, म्हणून हे खरा पाहायला आलेले. फलकाकडं पाहून दोघं बावचळले. बाबानं मागं वळून मला विचारलं, "भाऊ, कोणचं घ्यावं?"

मला तिची आठवण झाली. तिनं जन्मात एकच गोष्ट लपवली आणि ती माझ्यासाठी. मी बाबाच्या काठीकडं पाहिलं. सांगितलं नाही तर पोटात दुखतं असं ती का म्हणायची, ते तेव्हा मला कळलं.

"डाव्या दारापाशी खांबाजवळच्या दोन घ्या," मी म्हटलं. "तीनच पायऱ्या हायेत. फक्त बाबा, तुमाले आजीच्या अंगावर जरासं कलावं लागन."

आजीनं पदर तोंडाला लावला. बाबा म्हणाला, "इतके वर्स कललोच हावो, भाऊ." ती दोन तिकिटं घेऊन ते आत गेले.

मॅडमनं सगळं ऐकलं होतं. "आजोबा, हे तुम्ही असंच सांगत राहिलात तर त्या खुर्च्यांचाही दर चढेल."

"चढू द्या. पण आधी बसून पाहा."

"आणि तुम्हाला कोणतं देऊ?"

"मी अजून पाहिलं नाई," मी म्हटलं. "उद्या सकाळी हॉल रिकामा हाये काय?"

"आहे ना. पण बास्केटखाली कोण उभं राहणार?" असं म्हणून ती थांबली. मग स्वतःच म्हणाली, "मी राहते."