शोभाबाईच्या कोठ्यात भुरीचं बाळंतपण

माझी सासू तानाबाई भांडत नाई. भांडणारी बाई परवडली बाप्पा, दोन शिव्या देते अन् मोकळी होते. आमची सासू गप राह्यते, अन् ती गप बसली की मले भेव वाटते.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या शोभाबाईनं खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. आमची कुत्री भुरी तेव्हा गाभण होती, भुकेली होती. तिनं तोंड घातलं. शोभाबाईनं काठी उचलली अन् नेमकी पोटावर हाणली. पिल्लं मेलेलीच झाली. सासूनं ती फडक्यात गुंडाळून आंजी गावाकडं जाणाऱ्या पांदणीच्या कडेले पुरली, हात धुतले, अन् शोभाबाईले एका शब्दानं बोलली नाई. शोभाबाईले वाटलं, मिटलं. मिटते कायचं!

औंदा कापूस वेचणीच्या दिवसांत भुरी पुन्हा गाभण. सासू तिले जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथं ऐकलेलं सगळं ती काटेकोर पाळे. एकदम पोटभर नाई, थोडं थोडं पण घडीघडी द्यायचं. भाकर अंड्यात कुस्करायची. पोट दाबून पाह्यचं नाई, अन् माणसाची गोळी तं बिलकुल नाई. शेवटी डॉक्टर म्हणे, जिथं पिल्लं व्हावी वाटते तिथं तिचं अंथरूण आधीपासूनच टाका, सवय झाली की वेळेवर ती तिथंच जाते.

हे ऐकून सासूचे डोळे चमकले. मी पाह्यलं ना.

कारण आमच्या गल्लीत रिवाज आहे. कुत्री ज्याच्या घरी जणली, त्या घरच्या बाईनं पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत तिले रोज आपल्या हातानं शिरा करून चारायचा. तिले हाकललं, तं त्या घरचा चहा कोणी पेत नाई.

शोभाबाईचा गुरांचा कोठा आमच्या मागच्या भिंतीले लागून आहे. बैल विकल्यापासून तिथं नुसतं कुटार, गुरांच्या चाऱ्याचा भुसा, भरलेलं. शोभाबाई वावरात गेली की सासू भिंतीच्या खिंडारातून भुरीले तिथं नेई, कुटारावर आपलं जुनं लुगडं अंथरी अन् तिथंच चारी.

मले संतापच आला. "अव आत्याबाई, तिनं पुन्हा काठी घातली तं? तुमच्या बदल्यापायी भुरीचा जीव जाईल ना!"

"मी आहो न तिथं," सासू म्हणाली. बस, एवढंच.

एका दिवशी भुरीनं सकाळपासून भाकरीले तोंड लावलं नाई. धापा टाके अन् लुगडं उकरे. सासू खिंडारापाशी बसली ती बसलीच, जेवलीही नाई. दुपारून पिल्लं होऊ लागली. भुरी एकेकाले चाटे, सासू दुरूनच पाहे, उगाच हात लावे नाई. तेवढ्यात शोभाबाई वावरातून आली. कोठ्यातलं कुंईकुंई ऐकून तिनं डोकावलं अन् दारामागची काठी उचलली.

सासू खिंडारातून घुसली अन् भुरीच्या आडवी उभी राह्यली. इतके दिवस गप असलेली ती बाई अशी ओरडली की अख्खी गल्ली जमा झाली.

"या वो बायांनो! शोभाबाईच्या घरी बाळंतीण आहे!"

शोभाबाईची काठी हातातच राह्यली. बाया तिच्या तोंडाकडे अन् काठीकडे पाहून राह्यल्या होत्या. त्यातल्या अन्नपूर्णा म्हातारीनं ती काठी काढून घेतली अन् म्हणाली, "काऊन उभी राह्यली व? कढई चढव."

चढवली बिचारीनं. बिचारी कायची, मले तं लय गोड वाटून राह्यलं होतं. सासू चुलीपाशी जाऊन म्हणते कशी, "तूप कमी दिसून राह्यलं."

शोभाबाई ताटली घेऊन भुरीपुढं वाकली. वाटलं, भुरी आता चावते. चाव बाई, मी मनात म्हटलं. पण भुरीनं वास घेतला, शिरा खाल्ला, अन् मग तोच काठीचा हात चाटला. शोभाबाई रडायलेच लागली.

"तानाबाई, चुकलं माझं. पाहा, हिनंही माफ केलं."

सासूनं एक पिल्लू भुरीच्या पोटाशी सरकवलं.

"हिची पिल्लं आज हिच्यापाशी आहेत, म्हणून ही विसरली. ती पिल्लं मी माझ्या हातानं पुरली. मी नाई विसरत. उद्या तूप जास्त टाकजो."